निधीच्या विधेयकाला बांधलेली मतदार नोंदणी : अमेरिकी काँग्रेसमधला सप्टेंबर २०२४

१८ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एच. आर. ९४९४ हे विधेयक २०२ विरुद्ध २२० मतांनी पडले. दोन सदस्यांनी फक्त ‘हजर’ अशी नोंद केली. विधेयकात दोन वेगळ्याच गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपल्यावर सरकारचा खर्च २८ मार्च २०२५ पर्यंत चालू ठेवणे, ही एक. मतदार यादीत नाव घालताना नागरिकत्वाचा कागद दाखवणे सक्तीचे करणे, ही दुसरी. सात दिवसांनी दुसरी गोष्ट गाळून नुसते निधीचे विधेयक मांडले, तेव्हा ते ३४१ विरुद्ध ८२ मतांनी मंजूर झाले.

नोंदणीवरच्या निर्बंधांना विरोध करणाऱ्यांचा विजय, अशी ही घटना सहसा सांगितली जाते. मतांचे आकडे नीट मांडले तर ती तशी दिसत नाही. असे विधेयक पुन्हा येईल तेव्हा विरोधाला उभे राहणाऱ्याने आधी हे आकडेच समजून घ्यायला हवेत.

गाठ का मारली

आपल्याकडे लेखानुदान जसे काही महिन्यांच्या खर्चाची सोय करते, तसेच तिकडचे तात्पुरते निधी विधेयक. खर्चाची १२ वार्षिक विधेयके वेळेत झाली नाहीत की चालू वर्षाच्या दराने खर्च पुढे रेटायला ते आणतात. पण एक फरक मोठा आहे. भारतात लोकसभेत खर्चाची मागणी फेटाळली गेली तर सरकारच जाते. अमेरिकेत अध्यक्ष जागेवर राहतो आणि कार्यालये बंद पडतात, कारण मंजुरीविना पैसा खर्च करणे कायद्यानेच निषिद्ध आहे. २०१८-१९ च्या हिवाळ्यात असे ३५ दिवस चालले होते. म्हणजे हे विधेयक अडवणे कोणालाच परवडत नाही, आणि म्हणूनच स्वतःच्या पायावर पार न होणारी गोष्ट त्याच्या पाठीवर लादायचा मोह होतो.

नोंदणीचे विधेयक, ज्याला ‘सेव्ह ॲक्ट’ म्हणतात, स्वतःच्या पायावर अर्ध्या वाटेपर्यंत गेले होते. टेक्ससचे रिपब्लिकन सदस्य चिप रॉय यांनी ते मांडले आणि १० जुलै २०२४ रोजी प्रतिनिधिगृहाने ते २२१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले. पाच डेमोक्रॅट सदस्यांनीही बाजूने मत दिले. सिनेटमध्ये मात्र बहुमत डेमोक्रॅटांकडे होते, शिवाय चर्चा थांबवून मतदानाला येण्यासाठी ६० मते लागतात. तिथे ते अडकणार हे उघड होते. ६ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती माइक जॉन्सन यांनी ते सहा महिन्यांच्या निधी विधेयकाला जोडले. नोंदणीची अट नसेल तर निधीला कोणत्याही रूपात संमती देऊ नका, असे डोनाल्ड ट्रम्प जाहीरपणे सांगत होते. ११ तारखेला ठरलेले मतदान मते जुळत नसल्याने मागे घेतले गेले. १८ तारखेला ते घेतले आणि विधेयक पडले.

कलमांत नेमके काय होते

अशा जोड विधेयकाला विरोध करताना पहिले काम म्हणजे त्याचे दोन तुकडे करून दुसरा तुकडा कलमागणिक वाचणे. इथे घाई करणाऱ्यांचा युक्तिवाद पुढे हमखास लंगडतो. ‘हा मताधिकारावर घाला आहे’ हे वाक्य ज्याला पटायचे त्याला आधीच पटलेले असते. कुंपणावर बसून ऐकणाऱ्याला पटतो तो तपशील.

आधीची व्यवस्था अशी होती. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यानुसार अर्जदार खोटेपणाच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन आपण नागरिक असल्याचे सही करून सांगतो. २००२ च्या कायद्याने वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) क्रमांकाचे शेवटचे चार अंक मागायला सुरुवात झाली. नागरिक नसलेल्याने संघीय निवडणुकीत मत देणे १९९६ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि देशाबाहेर काढलेही जाऊ शकते.

नव्या कलमांत सहीऐवजी कागद आला. पासपोर्ट चालणार होता. जन्मदाखला चालणार होता, पण सोबत शासकीय फोटो ओळखपत्र हवे. नागरिकत्व बहाल झाल्याचे प्रमाणपत्रही चालणार होते. रिअल आयडी, म्हणजे संघीय निकषांनुसार राज्याने दिलेला वाहन परवाना, चालेल असे कलमात वाचून अनेकांची समजूत झाली की आपल्या खिशातला परवाना पुरेसा आहे. अट अशी होती की त्या परवान्यावर नागरिकत्वाचा उल्लेख हवा, आणि रिअल आयडीवर तो सहसा नसतोच. तो कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकालाही मिळतो. नागरिकत्व दाखवणारे खास परवाने मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हर्माँट आणि वॉशिंग्टन एवढ्याच राज्यांत मिळतात.

सगळ्यांत जड कलम टपालाने नोंदणीचे होते. अर्ज टपालाने पाठवता येईल, पण कागद मुदतीच्या आत निवडणूक कार्यालयात स्वतः जाऊन दाखवायचा. ४२ राज्यांत ऑनलाइन नोंदणी होते. तिचा अर्थच या अटीने बराचसा संपत होता. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटर आहे, पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठी. तिथल्या वाळवंटी टोकाच्या माणसाला एका कागदासाठी दिवस मोडावा लागणार. घर बदलून नव्या पत्त्यावर पुन्हा अर्ज करणाऱ्यालाही हेच लागू होईल, असा अर्थ विरोधकांनी लावला, आणि कलमाची भाषा पाहता तो ओढूनताणून आणलेला नव्हता.

समर्थकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कागद नसलेल्यांसाठी आणि नाव जुळत नसलेल्यांसाठी राज्याने वेगळी प्रक्रिया करावी असे कलम विधेयकात होते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना मतच देता येणार नाही, हे म्हणणे म्हणूनच सैल होते, आणि समोरचा ते कलम वाचून दाखवत असे. खरी अडचण त्या कलमाच्या शेजारी होती. कागद नसलेल्याला नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, आणि कोणीही खासगी व्यक्ती त्याच्यावर दावा लावू शकत होती. अर्जदार प्रत्यक्षात नागरिक निघाला तरी अधिकाऱ्याची सुटका नव्हती. आता काउंटीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोरच्या बाईचे जन्मदाखल्यावरचे नाव एक, परवान्यावरचे दुसरे. नोंदवले तर तुरुंगाची भीती, परत पाठवले तर कसलीच शिक्षा नाही. अशा वेळी तो काय करील हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

या सगळ्यासाठी राज्यांना एक डॉलरही नव्हता. निधीच्याच विधेयकात ही कलमे बसवली होती, तरीही.

दिनदर्शिका हाच पुरावा

विरोधाचा सर्वांत पक्का भाग आमच्या मते तारखांचा होता, आणि तो पुरेसा वापरला गेला नाही.

कायदा सही होताच लागू होणार होता. संघीय निवडणूक साहाय्य आयोगाने मार्गदर्शक सूचना १० दिवसांत द्यायच्या होत्या. राज्यांनी गैर-नागरिक शोधून काढण्याची यंत्रणा ३० दिवसांत उभी करायची होती. मतदान ५ नोव्हेंबरला. सप्टेंबरच्या शेवटी सही झाली असती तर सूचना ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघाल्या असत्या, आणि नेमक्या त्याच दिवसांत बऱ्याच राज्यांत नोंदणीची मुदत संपते. सैनिकांना आणि परदेशी राहणाऱ्यांना मतपत्रिका ४५ दिवस आधी, म्हणजे २१ सप्टेंबरला, पाठवायच्या असतात. हातातले छापील अर्ज रद्द, नवे छापायचे, कर्मचाऱ्यांना कोणता दाखला खरा हे शिकवायचे, आणि हे सगळे हंगामी माणसे कामावर घेण्याच्या धांदलीत.

याद्यांची सरसकट छाननी निवडणुकीच्या ९० दिवस आधी थांबवावी, असा १९९३ च्या कायद्याचा नियम आहे. २०२४ साठी ती तारीख ७ ऑगस्ट होती. नव्या विधेयकाने गैर-नागरिक ठरलेल्यांना केव्हाही वगळायला सांगितले. त्याने काय होते याचे उदाहरण त्याच महिन्यांत चालू होते. अलाबामाने १३ ऑगस्टला, मतदानाच्या ८४ दिवस आधी, ३,२५१ नावे वगळण्याच्या मार्गावर टाकली. त्यांतले २,००० हून अधिक पात्र मतदार निघाले आणि १६ ऑक्टोबरला संघीय न्यायाधीशांनी ती प्रक्रिया थांबवली.

कॅन्सस आणि ॲरिझोना

अंदाजावर भांडण्याची गरज नव्हती; हा प्रयोग आधीच झालेला होता. कॅन्ससने नागरिकत्वाच्या कागदाची अट जानेवारी २०१३ पासून लावली. ती न्यायालयात थांबेपर्यंत ३१,०८९ अर्जदार अडकले. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांचा हा सुमारे १२ टक्के हिस्सा होता. खटला चालला तेव्हा सरकारपक्षाला १९ वर्षांतले जास्तीत जास्त ३९ गैर-नागरिक दाखवता आले, तेही नोंद झालेले किंवा प्रयत्न केलेले धरून. जून २०१८ मध्ये न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी कायदा रद्द ठरवला, २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

३९ विरुद्ध ३१,०८९. एवढे दोन आकडे कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त काम करतात, कारण ते ‘तपासायला हरकत काय’ या प्रश्नाला थेट उत्तर देतात.

ॲरिझोनाची गोष्ट अधिक ताजी. तिथे २००४ पासून कागदाची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी ती संघीय अर्जाला लावता येत नाही असे ठरवले, म्हणून राज्याला दोन प्रकारचे मतदार ठेवावे लागतात. कागद न दिलेला मतदार फक्त संघीय निवडणुकीत मत देतो. १७ सप्टेंबर २०२४ रोजी, प्रतिनिधिगृहातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी, राज्याने जाहीर केले की जवळजवळ ९८ हजार जणांचा कागद कधी तपासलाच गेला नव्हता. कारण साधे होते. ऑक्टोबर १९९६ पूर्वी परवाना घेतलेल्यांना नंतर दुय्यम प्रत मिळाली, तिच्यावर नवी तारीख पडली, आणि संगणकाने ती तारीख म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा मानला. महिनाअखेरीस हा आकडा २ लाख १८ हजारांवर गेला. हे लोक दशकानुदशके त्याच राज्यात राहणारे, बहुतेक वयस्क. २० सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण मतपत्रिका द्यायला सांगितले. वीस वर्षे ही अट चालवणाऱ्या राज्याचा हिशेब असा चुकतो. मग हीच अट सगळ्या देशात पाच-सहा आठवड्यांत कशी उभी राहणार, हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला यायला हवा होता.

मोजणी

आता त्या २२० मतांकडे या. त्यांत २०६ डेमोक्रॅट आणि १४ रिपब्लिकन होते. बाजूच्या २०२ मध्ये १९९ रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट. ते १४ जण उलटे फिरले असते तर निकाल २१६ विरुद्ध २०६ लागला असता आणि विधेयक प्रतिनिधिगृहातून पुढे गेले असते. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाला एकट्याने ते पाडता येत नव्हते.

त्या १४ जणांचे आक्षेप निधीच्या तुकड्याला होते. काहींना खर्च न कापता पुढे ढकलणारे कोणतेच तात्पुरते विधेयक नको होते. सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष माइक रॉजर्स यांच्यासारख्यांना सहा महिन्यांची मुदत खुपत होती, कारण तात्पुरत्या निधीवर संरक्षण खात्याला नवे प्रकल्प सुरू करता येत नाहीत आणि उत्पादन वाढवता येत नाही. संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनीही हाच इशारा लेखी दिला होता. नोंदणीच्या अटीबद्दल यांची तक्रार नव्हती. जुलैत रिपब्लिकन बाजूचे एकही मत तिच्या विरोधात गेले नव्हते.

मग डेमोक्रॅट पक्षाच्या विरोधाला काही वजन होते की नाही? होते, पण वेगळ्या जागी. सभापतींच्या पक्षातली १४ मते फुटल्यावर ती भरून काढायला समोरच्या बाकांवरून जवळजवळ तितकीच यायला हवी होती, आणि तिथून तीनच आली. हे साधले कारण प्रतिनिधिगृहातले डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज यांच्या नेतृत्वाखालची भूमिका पहिल्या दिवसापासून एकच होती : अट काढा, आजच बाजूने मत देतो. पर्याय हातात ठेवून दिलेल्या नकाराला ‘तुम्ही सरकार बंद पाडता’ हा आरोप चिकटत नाही. ९ सप्टेंबरला व्हाइट हाउसने नकाराधिकार वापरण्याचे लेखी जाहीर केले. सिनेटमध्ये डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनी निखळ विधेयकासाठी कामकाजाची पायवाट आधीच घालून ठेवली. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकोनेल यांनीही निवडणुकीच्या तोंडावर शटडाऊन म्हणजे राजकीय मूर्खपणा ठरेल असे सांगितले. सगळ्या बाजूंची दारे बंद आणि एकच दार उघडे, अशी ही मांडणी होती.

२२ सप्टेंबरला जॉन्सन त्या दारातून आले. मुदत २० डिसेंबर, नोंदणीची कलमे नाहीत, आणि अध्यक्षांच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिससाठी २३.१ कोटी डॉलर जादा. कामकाजाचा नियम साध्या बहुमताने संमत करून घ्यायचा तर स्वपक्षातले कडवे सदस्य आडवे आले असते, म्हणून नियम बाजूला ठेवून दोन तृतीयांश मतांची वाट निवडली. २५ तारखेला २०९ डेमोक्रॅट आणि १३२ रिपब्लिकन बाजूने आले; विरोधातली सगळी ८२ मते रिपब्लिकन. त्याच दिवशी सिनेटने ७८ विरुद्ध १८ मतांनी ते मंजूर केले, दुसऱ्या दिवशी जो बायडेन यांची सही झाली.

विरोध कुठे कच्चा राहिला

‘हे तर आधीच बेकायदा आहे’ हा सर्वाधिक वापरलेला युक्तिवाद होता आणि सर्वांत दुबळाही. ऐकणारा म्हणतो, बेकायदा आहे तर तपासा ना. त्याच शरद ऋतूत गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ८३ टक्के लोकांनी पहिल्या नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा मागण्याला पसंती दिली. एवढ्या मोठ्या कौलाला दूषणे देऊन काहीच साधत नाही. तपासणी कुठे होते हे दाखवावे लागते. जॉर्जियाने आपली यादी तपासून ऑक्टोबर २०२४ मध्ये निष्कर्ष सांगितला : ८२ लाख मतदारांत २० गैर-नागरिक. म्हणजे अर्जदाराच्या दारात कागदाची भिंत न बांधता, असलेल्या नोंदी ताडूनही माणूस सापडतो. अर्थात ताडतानाही चूक होते. टेक्ससने जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ९५ हजार नावांवर संशय घेतला आणि काही दिवसांतच त्यांतले हजारो रीतसर नागरिक झालेले निघाले, कारण परवाना काढताना ते परदेशी होते आणि ती जुनी नोंद तशीच राहिली होती. एप्रिलमध्ये राज्याने तडजोड करून ती मोहीम मागे घेतली.

नागरिकत्वाचे कागद चटकन हाताशी नसलेले प्रौढ नागरिक २ कोटी १३ लाख असल्याचा ब्रेनन सेंटर या मतदानविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज विरोधकांनी सतत दिला. आकडा खरा उपयोगी आहे, पण ‘हाताशी नाही’ म्हणजे ‘मिळणारच नाही’ असे त्याचे भाषांतर करणाऱ्यांनी तो वाया घालवला. पहिला पासपोर्ट १६५ डॉलरचा आणि कित्येक आठवड्यांचा. मतदान पाच आठवड्यांवर असताना ‘हाताशी नाही’ एवढेच पुरेसे होते.

मराठी घरांतला तपशील

नागरिकत्व घेणाऱ्यांत मेक्सिकोखालोखाल भारतीय येतात, आणि त्यांत मराठी माणसे कमी नाहीत. अशा घरांत अडचण फार नेमकी असते. नागरिकत्व प्रमाणपत्रावर पहिले नाव, मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव असते. लग्नात माहेरचे नावच बदललेल्या बाईच्या कागदांवर तर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. प्रमाणपत्र बदलून किंवा पुन्हा घ्यायला एन-५६५ अर्ज लागतो आणि २०२४ च्या एप्रिलपासून कागदी अर्जाचे शुल्क ५५५ डॉलर आहे.

मुलांची गत त्याहून अवघड. पुण्यात किंवा नाशकात जन्मलेले मूल आईबापांनी नागरिकत्व घेतल्यावर, अठरा वर्षांच्या आत आणि ग्रीन कार्डावर त्यांच्यासोबत राहत असेल तर, आपोआप नागरिक होते. त्याच्या नावाचे प्रमाणपत्र आपोआप येत नाही. जन्मदाखला भारतीय महापालिकेचा, म्हणून निरुपयोगी. राहतो तो पासपोर्ट. त्याची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण, किंवा कागदी एन-६०० अर्ज करून १,३८५ डॉलरला स्वतःचे प्रमाणपत्र. वीस वर्षांचा असा विद्यार्थी कॉलेजच्या गावी नोंदणी करायला गेला आणि मूळ कागद शेकडो मैलांवर बँकेच्या लॉकरमध्ये असतील, तर त्याची त्या वर्षीची मतदानाची संधी बहुधा गेलीच.

पुढे काय झाले

हेच नोंदणी विधेयक नव्या काँग्रेसमध्ये एच. आर. २२ म्हणून परत आले आणि १० एप्रिल २०२५ रोजी प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झाले. या वेळी ते एकटेच होते, निधीच्या पाठीवर नव्हते. चार डेमोक्रॅट बाजूने गेले. न्यू हॅम्पशायरने स्वतःचा असाच कायदा १२ सप्टेंबर २०२४ रोजीच केला होता. मार्च २०२५ मधल्या गावसभांच्या निवडणुकांत तो पहिल्यांदा वापरात आला आणि लग्नाचा दाखला सोबत नसलेल्या बायका मतदान केंद्रावरून घरी परत गेल्या. काही कागद घेऊन पुन्हा आल्या, काही आल्या नाहीत.